प्रियदर्शनीचं ‘मग?’

कोल्हापुरात समाजसेवकांचा तुटवडा आहे असं कुणी म्हणालं, तर त्याला कुठल्याही चौकात उभं करावं आणि मान वर करायला सांगावी. खांबाखांबावर पांढऱ्या शर्टातले समाजसेवक हात जोडून उभे असतात. कुणाचा वाढदिवस असतो, कुणाची कशावर तरी निवड झालेली असते, आणि कुणाचं काहीच नसलं तरी शुभेच्छुक मात्र वीस-पंचवीस असतात. समाजसेवक उदंड आहेत. नसते ती समाजसेवेची नोकरी, आणि कागलच्या प्रियदर्शनी आकाराम चौगुलेला नेमकी तीच हवी होती.

प्रियदर्शनी एम.एस.डब्ल्यू. झालेली. म्हणजे समाजसेवेचं रीतसर शिक्षण घेतलेली, परीक्षा देऊन पास झालेली. त्यानंतर पाच वर्षं कोल्हापुरातल्या एका समुपदेशन केंद्रात तिनं मन लावून काम केलं. दारू सोडवायला बायकोनं दंडाला धरून आणलेले नवरे, माहेरी निघून आलेल्या मुली, बांधावरून बोलणं टाकलेले भाऊ असे सगळे तिच्या टेबलासमोर बसून गेले. केंद्र चांगलं चाललं होतं, म्हणजे गावात भांडणं भरपूर होती. पण वरून येणारा निधी एका मार्चमध्ये थांबला, केंद्राला कुलूप लागलं, आणि इतरांची घरं सावरणारी प्रियदर्शनी आपल्या घरी येऊन बसली.

घरी बसलेल्या माणसाला घरचे दोन दिवस चहा देतात, तिसऱ्या दिवशी सल्ला देतात. तिच्या बाबतीत सल्ल्याचं खातं सयाजीमामांकडं होतं. मामांचं कागलला हायवेलगत ट्रॅक्टरचं शोरूम होतं आणि भाचीवर त्यांचा जीव होता.

“महिनाअखेरपर्यंत काय बघायचं ते बघ,” मामा म्हणाले. “न्हाईच घावली नोकरी तर एक तारखेपास्नं आपल्या काउंटरवर बस. लोकांची रडगाणी ऐकण्यापेक्षा ट्रॅक्टर बरा की. ट्रॅक्टर रडत न्हाई.”

मामा वाईट नव्हते, हीच तर पंचाईत होती. खुर्ची मऊ होती, एसी गार होता, घरापासून दहा मिनिटांची वाट होती. प्रियदर्शनीला त्या मऊ खुर्चीचीच भीती वाटायची. एकदा तिथं टेकलो की पुन्हा उठणं नाही, हे तिला कळत होतं. शिकलेलं सगळं ब्रोशरखाली दबून जाईल आणि आपण जन्मभर ‘सयाजीरावांची भाची, ती शोरूममधली’ होऊन बसू, हे तिला दिसत होतं.

तेव्हा तिनं अर्जांचा सपाटा लावला. अर्ज केला की मुलाखतीला बोलावणंही यायचं. शिक्षण होतं, अनुभव होता, बोलणं गोड होतं. घोडं अडायचं ते मुलाखतीच्या खोलीत, आणि त्याला कारण होतं तिचं ‘मग?’.

हे ‘मग?’ नीट सांगितलं पाहिजे. समोरचा काही बोलायला लागला की प्रियदर्शनी मान जराशी तिरकी करायची आणि हळूच म्हणायची, “मग?” बस्स. त्यात चौकशी नसायची, घाई नसायची. पण त्या एका शब्दानं माणसाच्या पोटातलं ओठावर यायचं. केंद्रात तिनं या शब्दावर शेकडो माणसं मोकळी केली होती. आता केंद्र नव्हतं, पण शब्द तिच्याजवळच राहिला होता आणि तो कुठं वापरावा, कुठं नाही, याचा तिला पोच उरला नव्हता.

पहिली मुलाखत शाहूपुरीत, वृद्धांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत झाली. संस्थेचे सचिव गोमटेश मगदूम हे धिप्पाड गृहस्थ. पहिला प्रश्न त्यांनी मोठ्या रुबाबात टाकला, “आमच्या संस्थेविषयी तुम्हाला काय माहिती आहे?” तिनं उत्तर दिलं. ऐकता ऐकता गोमटेशसरांनी एक सुस्कारा सोडला आणि म्हणाले, “वृद्धांचं करायला आम्ही संस्था काढली खरी…” आणि थांबले.

“मग?” प्रियदर्शनी म्हणाली.

झालं. पुढची चाळीस मिनिटं गोमटेशसर बोलत होते. शेताच्या वाटणीवरून त्यांनी स्वतःच्या वडिलांशी तीन वर्षं अबोला धरला होता. वृद्धांसाठी राब राब राबणारा हा माणूस वडिलांच्या अंगणात पाय ठेवत नव्हता. सांगता सांगता त्यांचा रुमाल भिजला, म्हणून प्रियदर्शनीनं आपला दिला. शेवटी सर उठले, गाडीत बसले आणि थेट वडिलांना भेटायला कुरुंदवाडला गेले. बाहेर आणखी चार उमेदवार ताटकळत बसले होते, ते तसेच राहिले.

आता नोकरी पक्की, असं कुणालाही वाटेल. प्रियदर्शनीलाही वाटलं. पण नोकरी बाहेर बसलेल्यांपैकी एकाला मिळाली, त्याचं तर एक अक्षरही कुणी ऐकलं नव्हतं. चौकशीला गेल्यावर तिथला क्लार्क खासगीत म्हणाला, “म्याडम, सर म्हणत्यात, पोरगी सोन्यासारखी हाय. पर ती रोज समोर बसली तर मी मान वर कशी करू?”

दुसरी मुलाखत गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यात, कामगार कल्याण विभागात. मॅनेजर राजवर्धन घाटगे, पिळदार मिशा, आवाज असा की मशिनं बंद असल्यासारखी वाटावीत. प्रियदर्शनी मनाशी पक्कं ठरवून गेली होती की आज कामाचंच बोलायचं. पण कामगारांच्या कँटीनचा विषय निघाला, साहेब जरा अडखळले, आणि तिच्या तोंडून सवयीनं तो शब्द निसटला.

राजवर्धनसाहेबांनी उठून दार लावलं. खिडकीही लावली. आणि त्यांच्या त्या आवाजातून जेमतेम कुजबुज बाहेर पडली, “मी मटण सोडलंय.”

दीड वर्षापूर्वी एकदा बोकडानं त्यांच्याकडं बघितलं होतं. एवढंच. त्यानंतर घास उतरेना. पण घाटग्यांच्या घरात जन्मून, चारचौघांत हे सांगायचं कसं? दर रविवारी मित्रांची पंगत बसायची. साहेब सगळ्यांत मोठं ताट घ्यायचे आणि फोडी शेजारच्याच्या ताटात सरकवायचे. शेजारचा मित्र नऊ किलोनं वाढला होता. “घरात कुणाला ठावं न्हाई. बायकोलासुद्धा. पहिल्यांदा तुम्हाला सांगतोय,” साहेब म्हणाले आणि त्यांनी खरोखर मोठा श्वास सोडला. प्रियदर्शनीनं त्यांना धीर दिला. आधी एका मित्राला सांगा, त्या वाढलेल्यालाच सांगा, असा मार्गही सुचवला.

तिसऱ्या दिवशी मेसेज आला, ‘आपली निवड होऊ शकली नाही. कृपया झालेलं बोलणं आपल्यातच राहावं.’

मग हे असंच चालत राहिलं. कुठं मुख्याध्यापक रडले, कुठं अध्यक्षांनी सासऱ्याला माफ केलं. महिनाभरात अकरा ठिकाणी मुलाखती झाल्या आणि अकरा माणसांचा मनावरचा भार उतरला. पण आपलं गुपित जिच्यापाशी आहे तिला पगारावर ठेवून रोज तोंड दाखवायला कुणीच तयार नव्हतं. रात्रंदिवस माणसं जोडायचं शिक्षण घेतलेली मुलगी त्याच शिक्षणापायी बिनकामाची राहिली, याचा मला तरी राग येतो. प्रियदर्शनीलाही यायचा, पण ती तो बोलून दाखवायची नाही. तिला ‘मग?’ म्हणणारं कुणी नव्हतं.

आई चिमणाबाई म्हशीची धार काढता काढता एकदा नोकऱ्या का हुकतात ते ऐकून म्हणाली, “तू त्यांस्नी बोलू का देतीस? तुला प्रश्न इचारायला बसल्यात न्हवं? मग त्यांनी इचारायचं, तू सांगायचं, आन् उठून यायचं. त्यो तुझा ‘मग’ तेवढा घरात ठेवून जा.”

बाराव्या मुलाखतीला ती हाच निश्चय करून निघाली. महिन्याची अठ्ठावीस तारीख. राजारामपुरीतला एक धर्मादाय दवाखाना. जागा समाजसेविकेची. पेशंटच्या नातेवाइकांशी बोलायचं, अडल्यानडल्याला वाट दाखवायची. हे काम आपल्यासाठीच आहे असं तिला मनापासून वाटलं. हे हुकलं की ट्रॅक्टर.

समोर तिघं होते. एक डॉक्टर, एक खजिनदार, आणि मधोमध दवाखान्याच्या अध्यक्षा रत्नाबाई शेटे. सत्तरी ओलांडलेल्या, सगळा दवाखाना त्यांना रत्नाअक्का म्हणायचा आणि सगळा दवाखाना त्यांना भ्यायचा.

“पेशंटचे नातेवाईक डॉक्टरच्या अंगावर धावून आले तर काय करशील?” अक्कांनी विचारलं.

“आधी खुर्ची देईन,” प्रियदर्शनी म्हणाली. “बसलेला माणूस निम्माच ओरडतो.”

डॉक्टरांनी मान डोलावली. वीस मिनिटं सगळं झकास चाललं. तेवढ्यात डॉक्टरांना वॉर्डातून बोलावणं आलं, खजिनदार फोनवर बोलत बाहेर गेले, आणि खोलीत दोघीच उरल्या. प्रियदर्शनीनं झटकन नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडं वळवली.

अक्कांनी सुस्कारा सोडला.

प्रियदर्शनी कॅलेंडरावरची संकष्टी वाचू लागली.

“मला दोन ल्योक,” अक्का म्हणाल्या. “एक खाली ऱ्हातोय, एक वर. दोघांत बोलणं न्हाई. आमच्या जैनांत दिवस मावळायच्या आत जेवायचं असतंय. खालची सून पाचला वाढतीया. तिथं जेवलं न्हाई तर तिला राग. वरची साडेपाचला वाढतीया. तिथं जेवलं न्हाई तर तिला राग. दोन वर्सं झाली, पोरी, मी रोज दोन जेवणं जेवतोय…”

प्रियदर्शनीच्या दाताशी तो शब्द आला. तिनं ओठ घट्ट मिटले. डोळ्यांसमोर ती मऊ खुर्ची दिसली, गार एसी दिसला. आणि ती एकदम उभी राहिली.

“अक्का, थांबा! मी तुमचं सगळं ऐकतो. दिवसभर ऐकतो. पर पहिली नोकरीची ऑर्डर द्या!”

मुलाखतीसाठी घोटलेलं सगळं शुद्ध मराठी गळून पडलं होतं. आमच्याकडं बायका ‘मी ऐकतो’, ‘मी जातो’ म्हणतात, आणि ते जेव्हा तोंडातून निघतं तेव्हा बाई खरं बोलत असते.

अक्का बघतच राहिल्या. त्यांना मधेच तोडायची गेल्या कित्येक वर्षांत कुणाची हिंमत झाली नव्हती. “मला गप बसायला सांगतीस?”

“व्हय. ऑर्डर हुईपर्यंत,” प्रियदर्शनी म्हणाली. आता मागं सरणं नव्हतं. “अकरा ठिकाणी ऐकलं, अक्का. अकरा माणसं मोकळी झाली आन् मी घरात बसलो. सुताराला मुलाखतीला बोलवून कुणी फुकट दार बसवून घेतंय का? माझंच कसं घेत्यात? ऐकणं ही माझी सवय न्हाई, त्ये माझं काम हाय. मी शिकलोय त्ये.”

बोलून झाल्यावर तिला रडूच आलं.

अक्का पुढं झुकल्या. “कोण कोण गं ती अकरा?”

“ते न्हाई सांगणार.”

“कोल्हापुरातलीच असतील की. एखादं नाव तरी सांग.”

“न्हाई.”

“नाव नको. काय सांगितलं तेवढंच सांग.”

“अक्का, एक अक्षर सांगणार न्हाई. नोकरी दिली तरी न्हाई आन् न्हाई दिली तरी न्हाई.”

अक्कांचं तोंड उतरलं. कोल्हापूरच्या माणसासमोर अकरा गुपितं ठेवायची आणि झाकण उघडायचं नाही, हा छळच म्हणायचा. पण आपलंही गुपित असंच झाकलेलं राहील हे ध्यानात आलं, तशी हळूहळू त्यांच्या कपाळावरची आठी सैल झाली. त्यांनी टेबलावरची घंटी वाजवली. खजिनदार फोन कानाला लावूनच आत आले.

“हिची ऑर्डर काढा. एक तारखेपास्नं.”

“पण अक्का, अजून तिघांच्या मुलाखती…”

“आन् त्यांस्नी चहा द्या,” अक्का म्हणाल्या.

ऑर्डर टाईप होऊन आली, सही झाली, गोल शिक्का बसला. प्रियदर्शनीनं ती दोन्ही हातांनी घेतली. आपलं नाव वाचलं, पद वाचलं, मग पुन्हा नाव वाचलं. डोळे पुसून ती खुर्चीवर बसली आणि आता बोला म्हणून अक्कांकडं वळली. पण अक्कांचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडं होतं. पावणेपाच वाजले होते. दोन जेवणांची वेळ झाली होती, आणि सगळा दवाखाना ज्यांना भ्यायचा त्या अक्का शाळेला निघालेल्या मुलीसारख्या कावऱ्याबावऱ्या झाल्या होत्या.

“अक्का,” प्रियदर्शनी म्हणाली, “आज एकाच घरी जेवा. उद्या दुसऱ्या. दोघी सुनांना सांगा, दवाखान्याच्या समाजसेविकेनं दोन जेवणं बंद केल्यात. राग माझ्यावर काढू द्यात.”

अक्कांनी जरा विचार केला. “आन् त्या म्हणाल्या, ही कोण आमच्या घरातलं सांगणारी, तर?”

“तर ही ऑर्डर दाखवा.” तिनं कागद पुढं केला. अक्कांनी हात लावला तशी तिनं तो पटकन मागं घेतला आणि छातीशी धरला.

“न्हाई, तुम्ही दोन मिनिटं थांबा,” ती दाराकडं पळत म्हणाली, “मी झेरॉक्स काढून आणतो.”