साडूंची बारी आणि माझं घड्याळ

“घड्याळवाले, अवो घड्याळवाले, झोपला का राव? गाडा जुपलाय, पडदा काळा का?”

शर्यतीचा निवेदक कर्ण्यातून असा ओरडत होता, की तिकडं लेण्याद्रीच्या पायऱ्यांवरची माकडंसुद्धा उठून घड्याळवाला शोधायला लागली असतील. घड्याळवाला म्हणजे मी. शिनोलीजवळच्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढावर, बैलगाडे पळतात तेव्हा त्यांची वेळ माझा फुकटात मिळणाऱ्या लिनक्सवरचा कॉम्प्युटर घेतो आणि मोठ्या पडद्यावर सेकंद दाखवतो. सकाळपासून बिनतक्रार दाखवत होता. मी मिसळ खायला गेलो, परत येतो तर पडद्यावर अमावस्या.

काम कुणाचं, ते विचारावं लागलं नाही. वारूळवाडीचे माझे साडू खुर्चीमागं उभे होते. हातात पेन ड्राइव्ह, चेहरा दुधात तोंड घातलेल्या बोक्याचा. त्यांचे बैल पळताना पडद्यावर नाकातून आग निघाली पाहिजे, म्हणून त्यांनी कुठलंसं नवं सॉफ्टवेअर घातलं होतं. त्या सॉफ्टवेअरनं पडदा चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हरच, बदलून टाकला. मग त्यांनी कॉम्प्युटर बंद करून चालू केला, तर तो डोळा उघडेना. पासवर्ड कुठून मिळाला म्हणाल, तर पासवर्ड म्हणजे आमच्या मेलेल्या बैलाचं नाव, आणि ते जुन्नर-आंबेगावात पोराबाळांना पाठ.

“करा की दुरुस्त,” साडू म्हणाले. “आता माझीच बारी हाय.”

खाली त्यांचा गाडा तयार. बैल आवरायला वीस माणसं, त्यातली चार तर हवेतच.

उपाय मला ठाऊक होता. पण हेच साडू माझ्या मुलीच्या हळदीत, सगळ्या व्याह्यांसमोर म्हणाले होते, “ह्यांचं सॉफ्टवेअर फुकटचं, म्हणून सेकंदबी फुकट वाटत्यात. ज्याचं मटण, त्याचा नंबर.” त्या दिवसापासून मी भाकरी चावत नव्हतो, ते वाक्य चावत होतो.

मी हाताची घडी घातली.

“पावणं, आधी तुमी मायकात सांगा, ‘घड्याळ खरं हाय, बिघाड मी केला.’”

“याड लागलंय का? बैल उन्हात उभं हायेत.”

“राहू द्या उभं. तुमी मला सोयऱ्यांत लई दिवस उभं केलंय.”

निवेदकाचा घसा बसला. बैलांच्या तोंडाला फेस आला. मी पंचाच्या थाटात नखं बघत बसलो. शेवटी साडूंनी काढा प्यायल्यासारखा माईक तोंडाला लावला.

“घड्याळ खरं हाय. सेकंद कुणाला फुकट देत न्हाईत. बिघाड म्या केला.”

घाट असा हसला, की डिंभ्याच्या धरणात लाटा उठल्या.

मग मी कॉम्प्युटर चालू होताना एस्केपचं बटण दाबलं, मेनूतून दुरुस्तीच्या वाटेनं आत शिरलो, आगीचं सॉफ्टवेअर मुळासकट उपटलं आणि जुना ड्रायव्हर जागेवर बसवला. चहा निवायच्या आत पडदा उजळला.

साडू खाली धावले. त्यांचा गाडा सुटला. आकडा पडला. पहिला नंबर थोडक्यात हुकला. साडू वर आले आणि पडद्याकडं बघत राहिले. मी ह्याच घटकेची वाट बघत होतो.

“आता म्हणा की घड्याळ खोटं,” मी म्हणालो. “साऱ्या घाटानं ऐकलंय तुमचं.”

साडूंनी उपरण्यानं तोंड पुसलं.

“घड्याळ बरोबर हाय,” ते म्हणाले. “बैल उभं राहून दमलं व्हतं.”