केळवणाचे तेज

माझ्या धाकट्या बहिणीला जाऊन सहावे वर्ष लागले आहे. तिच्या तोंडावर मुरूम होते. दुखणे एवढेच होते. हे वाक्य मी याआधी चारदा लिहून खोडले, कारण वाचणाऱ्याला ते क्षुल्लक वाटेल आणि मग पुढचे सगळे खोटे वाटेल. पण सुरुवात तिथूनच आहे.

आमचे घर कर्जतला. अण्णा, म्हणजे आमचे वडील, शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. आई बहिणीच्या जन्मानंतर दोन वर्षांत गेली. मी चौदाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परतले. अण्णांनी लोकांची बोलणी सोसून मला पुण्यात शिकवले, आणि मी गावच्या मुलींच्या शाळेत शिकवू लागले. शेजारच्या घरात काकू राहत. सणवार, पाहुणे, सोवळेओवळे, घरातल्या बाईने करायचे ते सगळे काकू करीत. माझ्याकडे बहिणीचा अभ्यास आणि तिची वेणी, ही दोन कामे होती.

वेणी घालतानाच मला पहिले मुरूम दिसले. तिला पंधरावे लागले होते. कपाळावर केसांच्या कडेने चार-पाच लालसर पुटकुळ्या, एकीच्या टोकाला पिवळा ठिपका. वर्षभरात त्या गालांवर उतरल्या, हनुवटीवर आल्या. बऱ्या झालेल्या जागी काळे डाग राहू लागले. तिला नखाने टोकरायची सवय लागली. मी हातावर चापट मारी, ती हात खाली घेई, आणि पुस्तकात लक्ष गेले की बोटे पुन्हा गालाकडे.

कारण काय, हे ज्याने त्याने सांगितले. काकू म्हणत, उष्णता. अण्णा म्हणत, कोठा साफ नाही. एका पाहुण्या बाईंनी हळूच सांगितले की रक्तात दोष असला म्हणजे असे होते, आणि आमच्या आईकडच्या लोकांत कुणाला काही होते का, असेही विचारले. घरातले आंबे बंद झाले, गूळ बंद झाला, चहा बंद झाला. मी जायफळ दुधात उगाळून लावले, मसुराचे पीठ लावले. अण्णांच्या एका जुन्या वैद्यकाच्या पोथीत सावरीचे काटे दुधात वाटून लावावेत असे निघाले. ते काटे आम्हाला डोंगरातल्या ठाकरवाडीतून मोळी घेऊन येणाऱ्या बाईने आणून दिले. ती आमच्या ओट्यावर बसून, मी बहिणीच्या गालावर लेप चोळताना पाहत होती.

"किती घासशील गं बाय? तोंड हाय का तवा?"

"डाग जायला हवेत ना."

"वय हाय ते. आमच्या वाडीतल्या पोरींना बी येतंय नि जातंय. कोन बघतंय?"

बहीण हसली. म्हणाली, "तुमच्याकडे दाखवायला नेत नाहीत, म्हणून बघत नाहीत."

"ने मंग माझ्यासंगं. मोळी उचलशील का?"

त्या दिवशी तिघी हसलो. पण बहीण म्हणाली ते खरे होते. तिला दाखवायचे होते, आणि तीन ठिकाणांहून नकार आला होता. पहिल्यांनी पत्रिकेचे निमित्त सांगितले. दुसऱ्यांनी काहीच कळवले नाही. तिसऱ्या घरच्या बाईंनी तिला खिडकीपाशी बसवून हनुवटी वर केली आणि काकूंना विचारले, "देवी येऊन गेल्या का हो हिला?" काकू म्हणाल्या, "छे, वयाच्या पुटकुळ्या." त्यावर त्या म्हणाल्या, "पुटकुळ्या माझ्या मुलींनाही आल्या. अशी चाळण नाही झाली." बहीण पोह्यांची बशी हातात धरून उभी होती. पाहुणे गेल्यावर तिने बशी नीट विसळून पालथी ठेवली आणि दोन दिवस कुणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "ताई, मला तुझ्यासारखं नाही राहायचं."

मला लागावे म्हणून ती बोलली नव्हती. मला लागलेही नाही. माझ्यासारखे राहणे म्हणजे काय हे माझ्याइतके कुणाला ठाऊक होते? मी त्या दिवशी मनाशी ठरवले की हिचा चेहरा मी स्वच्छ करीनच.

मी एक मासिक घेत असे. त्यात मागच्या पानावर एका मलमाची जाहिरात होती. पत्र टाकले, टपालाने एक डबी आली, आणि डबीभोवती गुंडाळलेले चार पानी पत्रक. त्या पत्रकातले मराठी निर्दोष होते. वाक्ये लहान, कुठे अतिशयोक्ती नाही, ऱ्हस्वदीर्घाची एक चूक नाही. अशुद्ध लिहिणाऱ्याने फसवले असते तर मी सावध झाले असते. आमच्या घरात छापलेल्या शब्दाला मान होता, आणि शुद्ध छापलेल्याला तर फारच. मलमात काय काय आहे ते त्यात कुठेही लिहिलेले नव्हते, हे माझ्या लक्षातही आले नाही.

सकाळ-संध्याकाळ मुरेपर्यंत चोळावे, असे लिहिले होते. मी चोळत असे. तोंडाला, मानेला, पाठीवर पुटकुळ्या होत्या तिथेही. मलम पांढरा, चिकट, गुलाबाच्या वासाचा. तीन आठवड्यांत पुटकुळ्या बसू लागल्या. दीड महिन्यात डाग फिकट झाले. बहीण आरसा खुंटीवरून काढून दारातल्या उजेडात नेऊन पाहू लागली. मी दुसरी डबी मागवली, मग तिसरी.

भिवपुरीच्या वीजघरात नुकत्याच लागलेल्या एका कारकुनाचे स्थळ आले. त्याचे आईवडील पाहून गेले आणि चौथ्या दिवशी होकाराचे पत्र आले. मुहूर्त माघातला धरला. अण्णांनी ते पत्र मला मोठ्याने वाचायला लावले आणि डोळे पुसत अंगणात गेले.

मग केळवणे सुरू झाली. आज या घरी, परवा त्या घरी. केळवणाला मी जात नसे. विधवेने अशा पानावर बसायचे नाही, हे मला कुणी सांगावे लागत नव्हते. बहीण काकूंबरोबर जाई, आणि परत आली की मी ऐके.

"आज सगळ्या म्हणत होत्या, लग्नाचं तेज चढलंय म्हणून," काकू सांगत. "गाल बघ कसे भरलेत. एक खड्डा दिसत नाही."

खरेच दिसत नव्हता. तोंड गोल झाले होते, कातडी ताणून गुळगुळीत झाली होती. सकाळी उठली की डोळे सुजल्यासारखे दिसत. काकू म्हणत, केळवणाच्या जेवणाची सुस्ती. बहीण मधूनच म्हणे, पाण्याला तांब्याची चव येते. आम्ही चिंच लावून हंडा लखलखीत घासला. ती म्हणाली, तरी येते. मी म्हणाले, लग्नाच्या मुलीला काहीही वाटते. आणि संध्याकाळी पुन्हा मलम चोळला. नवऱ्या मुलीच्या अंगावर केळवणाचे बाळसे चढते, हे लहानपणापासून ऐकलेले. ते प्रत्यक्ष घरात दिसत होते, त्यात शंका घ्यायचे कुणाला सुचणार?

लग्नाला आठ दिवस असताना कासार चुडा भरायला आला. कळंबकडचा म्हातारा, गावातल्या सगळ्या मुलींचे हात त्याच्या बोटांना ठाऊक. बाहेर माजघरात बायका जमल्या होत्या. मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होते, कारण चुडा भरताना समोर माझी सावली नको. त्याने बहिणीचा हात हातात घेतला, बांगडी चढवू लागला आणि थांबला.

"पंधरा दिसांपूर्वी माप घेतलं, तवा ह्याच मापाची सरकन गेली व्हती."

"केळवणं जेवलीय पोर," काकू म्हणाल्या. "मोठी चढव."

"मोठी बी नाय जात, काकू."

"अरे, मग तेल लाव! म्हातारपणी हात थकला का तुझा?"

बायका हसल्या. कासार हसला नाही. त्याने बांगडी खाली ठेवली, अंगठ्याने तिचे मनगट दाबले, आणि अंगठा उचलून हात काकूंपुढे धरला.

"जेवणाचं मांस दाबलं का वर येतं. ह्यो बघा, खड्डा तसाच. ही सूज हाय, काकू. मी नाय भरत चुडा. आधी दागतर बघा."

मी दाराआडून बाहेर आले. सगळ्या बायकांनी माझ्याकडे पाहिले, एकीने तर चुड्यावर पदर टाकला. मी बहिणीचा परकर पायावरून वर सरकवला आणि घोट्यापाशी दाबले. माझे बोट लोण्यात बुडावे तसे बुडाले.

दुसऱ्या दिवशी अण्णा आणि मी तिला आगगाडीने कल्याणला एका डॉक्टरांकडे नेले. त्यांनी तिची लघवी काचेच्या नळीत घेतली आणि दिव्यावर धरली. ती नासलेल्या दुधासारखी साकळली. अण्णा बहिणीजवळ बसले होते. डॉक्टरांनी मला आतल्या खोलीत बोलावले.

"तोंडाला काय लावता?"

मी पिशवीतून डबी काढली. लग्नघरातून बाहेर जाताना मी मलम बरोबर घेतला होता, संध्याकाळचा चुकू नये म्हणून. त्यांनी थोडा बोटावर घेऊन पाहिला.

"यात पारा असणार. गोरं करणाऱ्या, डाग घालवणाऱ्या मलमांत तो फार वेळा असतो. कातडीतून अंगात मुरतो. मूत्रपिंडं गेली आहेत तिची. किती महिने?"

"पाच."

"तुम्ही लावत होता?"

"हो."

त्यांनी डबीचे झाकण लावून ती बाजूला सारली. मग मीच विचारले, की मग मुरमांना करायचे तरी काय होते. ते आठवून मला आता वाटते की मी वेडी झाले होते. बहीण बाहेर बसली होती आणि मी मुरमांचे विचारीत होते. त्यांनी सांगितले मात्र शांतपणे. या वयात कातडीखालच्या तेलाच्या ग्रंथी जास्त काम करू लागतात, त्यांची तोंडे बुजतात आणि आत पू धरतो. रक्ताचा दोष नाही, घराण्याचा डाग नाही. कपाळावर डोक्याचे तेल उतरू देऊ नये, साध्या साबणाने धुवावे, टोकरू नये. बहुतेकींचे चारपाच वर्षांत आपोआप थांबते.

"ती बरी होईल?" मी विचारले.

"काही होतात," ते म्हणाले. "मलम बंद, मीठ बंद, अंथरुणावर पडून राहायचं."

बाहेर येऊन मी दोघांना सांगितले की पाणी बाधले आहे, आणि सूज उतरेपर्यंत मलम लावायचा नाही. मी खोटे का बोलले याचे उत्तर मला अजून नीट देता येत नाही. गाडीत सांगू, घरी सांगू, असे म्हणत राहिले.

लग्न वैशाखावर ढकलले. मग भिवपुरीहून पत्र आले की मुलाला दुसरीकडे पाहत आहोत, राग नसावा. ते पत्र अण्णांनी बहिणीला दाखवले नाही. तिचे पाय जड झाले, पोट फुगले, चार पावलांत धाप लागू लागली. आणि मलम थांबल्यावर महिन्याभरात मुरूम परत आले. सुजलेल्या गालांवर पुन्हा त्याच लाल पुटकुळ्या. ती हाताने चाचपून मोजी. आरसा मी लपवला होता.

"ताई, नुसता एकदा लाव. कपाळाला तरी."

"डॉक्टर नको म्हणालेत."

"सूज पायाला आहे. तोंडाला लावलं तर काय होतं?"

मी तिचे पांघरूण सारखे केले.

"वैशाखात ते लोक येतील तेव्हा मी अशी दिसू?" मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तुझं झालं नाही, म्हणून माझंही होऊ नये असं वाटतं तुला."

मी तिच्या पायांना उशी लावली आणि उठून गेले. त्या क्षणी सांगता आले असते. सांगितले असते तर तिला कळले असते की मी तिचा दुस्वास करीत नव्हते, आणि हेही कळले असते की मी तिला मारले. दोन्हींतले एक वगळून दुसरे सांगता येत नव्हते.

तिने अण्णांकडे हट्ट धरला. अण्णांना खरे कारण ठाऊक नव्हते. त्यांनी मला न विचारता मलमासाठी पत्र टाकले. मी शाळेतून आले तेव्हा डबी त्यांच्या हातात होती, अजून दोरा सोडलेला नव्हता. मी त्यांना परसात नेऊन सगळे सांगितले. ते विहिरीच्या काठावर बसले. मी रडत होते आणि ते डबीवरचा पत्ता वाचत होते, पुन्हा पुन्हा, त्यात काही सापडेल असे. आत बहीण हाक मारीत होती, "अण्णा, आली का हो?"

अण्णा उठले, डबी माझ्या हातात दिली आणि आत गेले. मी उंबऱ्याबाहेर थांबले. अण्णा जन्मात खोटे बोलले नव्हते. शाळेत पोरे त्यांची त्यावरून थट्टा करीत.

"बाळ, तो कारखाना बंद पडला," ते म्हणाले. "मलम आता मिळायचा नाही."

"मग दुसरा कुठला?"

"दुसरा नाही."

"तुम्ही शोधलात?"

"शोधला."

तिने उशीवर मान वळवून त्यांच्याकडे पाहिले. मग म्हणाली, "ताईनं सांगितलं ना तुम्हाला, असं सांगायला?"

"नाही," अण्णा म्हणाले. "मीच सांगतोय."

तिने भिंतीकडे तोंड केले. त्यानंतर ती अकरा दिवस होती. पाणी मागे, कूस बदलायला सांगे, एकदा खिडकी लावायला सांगितली. माझ्याशी ती त्याहून जास्त बोलली नाही. शेवटच्या दिवशी माझ्या हातून तिने पाणी घेतले. माझा हात तिच्या गालाला लागला तेव्हा तिने मान बाजूला केली.

अण्णा यंदाच्या चैत्रात गेले. त्यांनी त्या परसातल्या बोलण्याचा माझ्यापाशी पुन्हा कधी उच्चार केला नाही, दोषही दिला नाही. ते होते तोवर हे लिहिण्याचे धैर्य मला झाले नाही. काकूंना अजून वाटते की पाणीच बाधले.