कोरड्या बाजूचे पाणलावे

१. रविवारी सकाळी साडेसातला तात्या धरणाच्या बांधाखाली, कोरड्या बाजूला उतरले.
२. पावणेआठच्या सुमारास त्यांच्या पायाखालची जमीन खचली.
३. आठ वाजून दहा मिनिटांनी वाडीतल्या तिघांनी त्यांना चिखलातून ओढून काढलं. श्वास नव्हता.
४. पंचनाम्यात लिहिलं: पाय घसरून पडले. जागा कोरडी.

चौथा मुद्दा खोटा आहे.

तुमच्यापैकी बरेच जण तात्यांना ओळखता. धरणाचे निवृत्त चौकीदार. दर हिवाळ्यात आपण कुडाळ-मालवणची दहाबारा माणसं पक्षी बघायला जायचो, तेव्हा बांधावर पुढे चालणारे. दुर्बीण कधीच घेतली नाही. पक्षी मात्र आपल्याआधी दिसायचा.

यंदा जानेवारीत त्यांनी मला बांधाच्या मागच्या बाजूला चार पाणलावे दाखवले. चिखलात लांब चोच खुपसून किडे शोधणारा हा पक्षी. ओली जमीन सोडून कुठे बसत नाही.

"गो चेडवा, तळ्यातला पाणी थंय. मगे हे हंय कित्याक चरतत?"

"आसतली थोडी ओल, तात्यानू."

"माझ्या बावीतला पाणी आटला. आणि हंय ओल?"

मी वहीत लिहिलं: पाणलावा, ४, बांधाची कोरडी बाजू. पुढे लिहिलं: चांगली नोंद.

मी मातीची तपासणी करणाऱ्या लॅबमध्ये काम करते. मातीच्या बांधाच्या कोरड्या बाजूला ओल दिसणं म्हणजे काय, हे मला पहिल्या वर्षी शिकवलं होतं. त्या सकाळी मी फक्त पक्षी मोजले.

तात्या मोजून थांबले नाहीत.

पुढच्या रविवारी त्यांनी पिशवीतून काचेची बाटली काढली. पायथ्याशी झिरपणारं पाणी.

"काल भरलंय. तळाक बग."

तळाशी बोटभर गाळ बसला होता.

बांधातून स्वच्छ पाणी झिरपत असेल तर लक्ष ठेवायचं. गढूळ झिरपत असेल तर बांध आतून वाहून चाललाय. हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. त्यांना ते आधीच कळलं होतं, म्हणून तर बाटली.

"मगे लिव अर्ज. उद्याच दी."

"एका नमुन्यावरून काय सांगूक येणा नाय, तात्यानू. पुढच्या रविवारी आणखी एक भरून ठेवा. त्याच जाग्यावरची."

ते हसले.

"तुझ्या घराक आग लागली तर तू आधी थर्मामीटर शोधशीत!"

सगळे हसले. मीसुद्धा.

त्याच जाग्यावरची. हे माझे शब्द.

तात्यांना बाहेर काढलं तेव्हा रिकामी बाटली हातातच होती. झाकण खिशात होतं.

सोमवारी मी धरणाच्या ऑफिसात साहेबांकडे गेले. पहिली बाटली आणि वही घेऊन.

"मॅडम, हे पाणी कुठलंही असू शकतं."

"वहीत तारीख आहे."

"वहीत पक्षी आहेत. पक्षी काय पुरावा असतो का?"

खड्डा आदल्या दिवशीच बुजवला होता. दोन ट्रक मुरूम. वर रोलर फिरवलेला. आता तिथे बघण्यासारखं काही नाही.

काल मी पुन्हा गेले. एकटी, वरूनच पाहिलं. मुरूम कोरडा आहे. पाणलावे त्याच्या डावीकडे, वीसेक पावलांवर चरत होते. सात होते.

बांधाच्या खाली वाडी आहे. तेवीस घरं. तिसरं तात्यांचं. त्यांच्या पत्नी, माई, तिथेच आहेत. बाराव्यानंतर मुंबईला चला, असं मुलगा म्हणतो. त्या नाही म्हणाल्या. बाकीच्या बावीस घरांना तर कुणी काही विचारलंच नाही.

जूनला चार महिने आहेत. ऑगस्टमध्ये तळं भरतं.

तात्या, तुमचा एक नमुना पुरेसा होता. हे मी तेव्हा म्हणायला हवं होतं. तुम्हाला नमस्कार.

आता काम.

येत्या सोमवारी वरच्या ऑफिसची माणसं बांध बघायला येणार आहेत. त्यांना दाखवायला माझ्याकडे फक्त एक बाटली आणि एक वही आहे. बांधावरचे माझे सगळे फोटो मी पाहिले. सगळे पाण्याच्या बाजूचे. तुमचेही तसेच असतील. मागे वळून फोटो काढावा असं तिथे काहीच नव्हतं.

तरी बघा. या हिवाळ्यातले आणि मागच्या हिवाळ्यातले, दोन्ही. ग्रुप फोटोच्या मागे, कुणाच्या खांद्याच्या वर, चुकून दाबला गेलेला एखादा. बांधाचा मागचा पायथा आणि कोपऱ्यात केशरी आकड्यांतली तारीख, एवढं दिसलं तरी पुरे. धूसर चालेल. मागच्या वर्षी पिवळं गवत आणि यंदा तिथेच हिरवा पट्टा, एवढंच मला दाखवायचं आहे.

कमेंटमध्ये हळहळ नको. माझ्या पानावर स्क्रॅप टाका किंवा मेल करा. फोटो नसेल तर "नाही" एवढं तरी लिहा, म्हणजे मी वाट बघणार नाही.

शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत उत्तर द्या.