जावेची कविता

पिल्नाम आजींना जगात एकाच माणसाचं बरं झालेलं बघवत नसे. ते माणूस म्हणजे त्यांची धाकटी जाऊ, ओक्बुन. बाकी गावाशी त्यांचं छान होतं. कुणाच्या खरबुजांना चांगला भाव आला, कुणाची नात राजधानीत, सोलमध्ये, नोकरीला लागली, तर त्या चिकट तांदळाच्या वड्या करून घेऊन जात. पण ओक्बुनच्या परसातली मिरची आपल्या आधी लाल झाली की दोन दिवस त्यांना जेवण गोड लागत नसे.

मी त्या गावात अक्षरवर्ग घ्यायला जायला लागले, तेव्हा पिल्नाम एकोणऐंशीच्या होत्या आणि ओक्बुन पंच्याहत्तरच्या. दोघीही विधवा, घरं शेजारी शेजारी. आठवड्यातून दोनदा गावच्या सभाघरात, खालून तापवलेल्या जमिनीवर मांडी घालून, बारा म्हाताऱ्या पेन्सिली चावत बसायच्या. लहानपणी त्यांच्यातल्या एकीलाही कुणी शाळेत धाडलं नव्हतं.

वर्गात पिल्नाम पहिल्या. अक्षर रेखीव, श्रुतलेखनात चूक नाही. ओक्बुनचं अक्षर म्हणजे ओल्या वाटेवरून कोंबड्या गेलेल्या. पिल्नाम तिच्या वहीत डोकावून म्हणायच्या, "बाई, हिला आणखी एक वर्ष खालच्या वर्गात ठेवा. नवऱ्याचं नाव लिहिता येत नाही. बरं झालं तो आधीच गेला, नाहीतर हिने चुकीच्या नावाने हाक मारली असती."

"हाक कशाला मारीन, जाऊबाई? तो बहिराच होता," ओक्बुन म्हणायची. सगळ्या हसायच्या. पिल्नाम सोडून.

दुसऱ्या वर्षी मी सगळ्यांना सांगितलं, मनातलं काहीतरी लिहून आणा, चार ओळी चालतील. पिल्नामनी पानभर आणलं. लसूण कधी लावावा, कधी काढावा, जुडी कशी बांधावी. एकही चूक नव्हती. मी शाबासकी दिली. मग ओक्बुनचा कागद उचलला. शब्दाशब्दाला चूक होती, तरी मी तो मोठ्याने वाचला:

"बाळाला पाठीला घट्ट बांधलं होतं
अंगणात फिरत होते
गाणं म्हणत होते
ती कधी गार झाली
कळलं नाही
गाठ अजून सोडायची राहिलीय"

एक आजी डोळे पुसायला लागल्या. पिल्नाम मात्र ताडकन उठल्या.

"कुणाला विचारून लिहिलंस?"

ओक्बुनने मान खाली घातली. "लिहिलं गेलं, जाऊबाई."

"लिहिलं गेलं! नऊ महिने पोटात मी वागवली आणि पाठ दुखतेय हिची! फाड ते!"

ओक्बुनने निमूटपणे कागद घेतला आणि फाडायला लागली. बोटभर फाटला असेल, तोच पिल्नामनी तो तिच्या हातातून हिसकावला, घडी करून चोळीत खोचला आणि चपला उलट्यासुलट्या घालून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. त्या ओट्यावर मुगाचे मोड निवडत बसल्या होत्या. त्या आपणहूनच बोलल्या.

लग्नानंतर दोन वर्षांनी त्यांना पहिली मुलगी झाली. गालावर तीळ होता म्हणून तिला जॉमी म्हणायचे, म्हणजे ठिपका. ती तीन वर्षांची असताना, थंडीत, गोवराची साथ आली. पिल्नामना तेव्हा पुन्हा दिवस गेले होते. सासू म्हणाली, पोटात मुलगा आहे, पोरीच्या जवळ फिरकायचं नाही. जॉमीला पलीकडच्या खोलीत ओक्बुनच्या हवाली केलं. ओक्बुन तेव्हा वीस वर्षांची, नवी सून. मध्ये कागदी दार.

"पहिले दोन दिवस 'आई, आई' म्हणून रडायची," पिल्नाम म्हणाल्या. "मी अलीकडे तोंडात बाही कोंबून बसायचे. तिसऱ्या दिवशी रडायची थांबली. मला वाटलं, बरं वाटतंय. मग तिचा आवाज आला, बाई. 'काकी' म्हणाली. 'काकी, घे.' त्यानंतर एकदाही 'आई' नाही. त्याच दुपारी हिच्याच पाठीवर गेली."

मोडांची टोपली त्यांनी बाजूला सारली.

"सासूने आपली अंगठी मरताना हिला दिली, मी बोलले नाही. खालचं चांगलं शेत हिच्या नवऱ्याला गेलं, तेही सोडलं. पण ते एक 'काकी' काही माझ्या कानातून जात नाही."

लहान मुलं जगतात की नाही हे बघूनच तेव्हा त्यांची नावं नोंदवायचे. जॉमीचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. टेकडीवर जिथे पुरलं, तिथे थडग्याचा मातीचा उंचवटासुद्धा केला नव्हता.

मी म्हटलं, "मग ती कविता राहू दे की नको?"

त्यांनी चोळीतून कागद काढून माझ्यासमोर टाकला. "बाळ काय बाळ? कुत्र्याच्या पिल्लालाही बाळ म्हणतात. तिला नाव होतं. म्हणावं, नाव घाल."

ओक्बुनने नाव घातलं. ती कविता मी इतर कवितांबरोबर सभाघराच्या भिंतीवर लावली, आणि थोड्या दिवसांनी एका वर्तमानपत्राची बातमीदार मुलगी गावात आली. भिंत वाचता वाचता ती त्या कवितेपाशी थांबली.

"ही कुणाची?"

"माझी," पिल्नाम म्हणाल्या.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात ओक्बुनने माझा गुडघा दाबला.

मुलगी पिल्नामपुढे येऊन बसली. "आजी, जॉमी कशी होती हो?"

छप्पन्न वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. आधी त्या अडखळल्या, आणि मग थांबेचनात. कोंबडीला घाबरायची. भातात पाणी घातलं तरच खायची. बापाच्या चपला घालून अंगणभर फटफट करत फिरायची. तासभर त्या बोलत होत्या. ओक्बुन मध्येच हळूच म्हणाली, "आणि खरबुजाच्या बिया नाकात घालायची."

"तू गप्प बस. तू घरात येऊन चार दिवस झाले होते. तुला काय ठाऊक?"

"ते खरंच," ओक्बुन म्हणाली.

मुलीने वहीचं पान उलटलं. "आणि शेवटी ती तुमच्या पाठीवरच...? तेव्हा तुम्हाला काय वाटलं?"

सभाघरात सगळ्या पिल्नामकडे बघत होत्या. त्यांनी हनुवटीने ओक्बुनकडे दाखवलं.

"ते हिला विचार. पाठ हिची होती." मग म्हणाल्या, "कवितापण हिचीच आहे."

"अर्धी माझी," ओक्बुन म्हणाली. "अर्धी यांची."

"अर्धीबिर्धी काही नाही! मला नको तुझी भीक." आणि त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या.

वर्तमानपत्रात दोघींचा फोटो आला. आपला चेहरा ओक्बुनपेक्षा लहान आलाय, असं पिल्नामचं म्हणणं पडलं. त्यांनी ते पट्टीने मोजून मला दाखवलं. पुढे ओक्बुन लिहीतच गेली. चाळीस कवितांचं छोटं पुस्तक निघालं, तालुक्याच्या गावी समारंभ झाला, ओक्बुनला फुलं मिळाली. पिल्नाम पहिल्या रांगेत बसून शेजारणीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणत होत्या, "काय ते केस! विंचरायला काय झालं होतं?"

त्यांनी स्वतःही प्रयत्न केला. तीन वह्या भरल्या. सुवाच्य, बिनचूक. मला दाखवल्या आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून परत घेतल्या.

गेल्या शरदात मी भेटायला गेले, तेव्हा त्या ओट्यावर ते पुस्तक उघडून बसल्या होत्या. बोट त्याच पानावर होतं.

"बाकीच्या बऱ्या आहेत," म्हणाल्या. "पण ही ओळ, 'गाठ अजून सोडायची राहिलीय', ही मला सुचायला हवी होती, बाई. आई मी होते ना."

तेवढ्यात शेजारून ओक्बुनची हाक आली, "जाऊबाई, शेवया उकडल्यात, मऊ पडतील हं!"

"येते, येते! ओरडू नकोस, बहिरा तुझा नवरा होता," पिल्नाम म्हणाल्या, आणि पुस्तक गादीखाली सारून चपला शोधायला लागल्या.