जवळचं कुणीतरी

घरी सासूबाईंचे कान टीव्हीपेक्षा सुनेच्या खोलीकडे जास्त, म्हणून पार्लरवालीने थेरपीच्या पहिल्या सेशनसाठी आपलं पार्लरच निवडलं. दुपारी गिऱ्हाईक नसतं. तिने शटर अर्धं ओढलं, मोबाइल आरशाला टेकवला आणि कानात हेडफोन घातले.

पडद्यावरच्या थेरपिस्ट बाई गोड होत्या. खोलीत दुसरं कुणी नको, नेट गेलं तर त्याच फोन करणार, इथलं बोलणं बाहेर जाणार नाही, असं सगळं त्यांनी समजावून सांगितलं. पार्लरवालीला हसू आलं. इतकी वर्षं याच खुर्चीत बसून बायका भुवया कोरून घेता घेता नवऱ्यांची लफडी आणि जावांची भांडणं ओकत आल्या होत्या. तिने त्यातला चकार शब्द कुठे काढला नव्हता. उठताना मात्र "तुझं बरंय बाई, कायम हसत असतेस," म्हणून निघून जायच्या मेल्या!

"तुम्हाला कधी फारच त्रास झाला, तर मी कुणाला फोन करू? जवळचं कुणीतरी सांगा," बाई म्हणाल्या.

नवरा? तो म्हणेल, नाटकं आहेत. बहीण? ती गावभर करेल. आणि गिऱ्हाइकं? हिला मुलं किती, हे त्यांतल्या एकीलाही ठाऊक नव्हतं.

"आठवत नसेल तर पुढच्या वेळी सांगा."

"नाही, घ्या ना," म्हणत तिने पार्लरचा नंबर दिला.

"या नंबरवर फोन कोण उचलतं?"

"मीच. कुणालाही त्रास झाला, तरी मीच उचलते."