एकाच घरातल्या तीन गंगाबाई

नागपूरच्या लॅबकडून आलेल्या पाकिटात एकाच गावच्या, एकाच आडनावाच्या तीन गंगाबाईंचे रिपोर्ट निघाले. दोन साफ. तिसऱ्यावर लाल शाईने 'संशयास्पद'. संशय गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरचा. जीप काढून मी दारव्ह्याजवळचं ते गाव गाठलं, तर तिथे गंगाबाई एकच. वय साठीच्या पुढे. आणि ती आमच्या तपासणीच्या कॅम्पला आलीच नव्हती.

"मले कायचा रोग?" तूर पाखडता पाखडता ती म्हणाली. "मी तं तुमच्या दवाखान्याची पायरीबी नाई चढली."

साठचं दशक नुकतंच लागलं होतं. मी यवतमाळला सरकारी डॉक्टर होते. जिल्ह्याला कोणती तपासणी बरी, हे पडताळायचं काम सिव्हिल सर्जन साहेबांनी मला दिलं होतं. पहिली स्लाईडची. लाकडी चमच्याने गर्भाशयाचं तोंड हलकेच खरवडायचं, ते काचपट्टीवर पसरायचं, स्पिरिटमध्ये बुडवून नागपूरला पाठवायचं. उत्तराला महिना. दुसरी आयोडीनची. कापसाच्या बोळ्याने ते लावलं की निरोगी भाग तपकिरी होतो, संशयाचा फिका राहतो. उत्तर जागेवर, पण साध्या सुजेनेही फिकं राहतं, म्हणून खोटी घाबरगुंडी फार. साहेब आयोडीनच्या बाजूचे. मी नवीन शिकून आलेली. "आयोडीन जखमेला लावायचं असतं, सर," असं मी त्यांना तोंडावर सांगितलं होतं आणि स्लाईडच्या बाजूने निकाल मनात लिहूनही ठेवला होता.

गंगाबाईने सूप खाली ठेवलं. "थोरले, मधले, धाकटे, या इकडं."

तीन सुना आल्या. थोरली जमिनीकडे पाहत होती, मधली भिंतीकडे. धाकटीला हसू आवरत नव्हतं.

"आत्याबाई, तुमी जाऊ देत नव्हत्या न," ती सासूला म्हणाली. "बाजाराले जातो म्हणून सांगतलं आन कॅम्पाले गेलतो. म्याच म्हणलं, तिघीबी नाव तुमचंच सांगू. रोग निघाला तं तुमच्या नावावर निघन."

"रांगेत लांब लांब उभ्या होतो," थोरलीने भर घातली.

एरवी मीही हसले असते. पण या तिघींपैकी एकीच्या अंगात रोग असायची शक्यता होती, आणि कोणाच्या, हे माझ्या लाडक्या स्लाईडला सांगता येत नव्हतं. मी मनातून चांगलीच घाबरले. तिघींना ते सांगितलं तेव्हा धाकटीचं हसू मावळलं.

"पुन्हा स्लाईड घेते," मी म्हणाले. "महिन्याभरात कळेल."

"महिनाभर मी कोन्या सुनेच्या तोंडाकडं पाहू?" गंगाबाई म्हणाली. "आत्ताच सांगन असं काई नाई का तुमच्यापाशी?"

होतं. जीपमध्ये आयोडीनची बाटली होती. जखमेला लावायची.

सुना काही पुढे होईनात. "आधी आत्याबाईनं," थोरली पुटपुटली. गंगाबाई उठली. "पह्यले मी. कायले भेता?" म्हणत ती माजघरातल्या बाजेवर जाऊन पडली. उतारवयात आयोडीनचा रंग नीट धरत नाही, म्हणून मी तिला नुसतं पाहिलं. काही वावगं दिसलं नाही. मग थोरली, सगळं तपकिरी. धाकटीही तपकिरी. मधलीला मात्र ज्वारीच्या दाण्याएवढी जागा फिकी राहिली. मी काही बोलायच्या आत गंगाबाईने तिचा हात धरला.

खात्रीसाठी तिला दवाखान्यात आणून त्या जागचा तुकडा काढला आणि खऱ्या नावाने नागपूरला पाठवला. शेवंता. रोग होता, पण अगदी सुरुवातीचा. ऑपरेशन झालं. वॉर्डात गंगाबाई सुनेच्या खाटेशेजारी सतरंजी टाकून राहिली आणि सिस्टरांना कामं सांगत सुटली. शेवंता बरी झाली. मला इतका आनंद फार कमी वेळा झाला आहे.

साहेबांना मी लिहून दिलं, दोन्ही तपासण्या ठेवाव्यात.

"का?"

"स्लाईड भरवशाची, सर. पण तिला नाव लागतं. आयोडीनला बाई समोर असली की पुरे."

"आणि जखमेला?" असं विचारून साहेबांनी सही केली.

पुढच्या वर्षी कॅम्पच्या रांगेत गंगाबाई पहिली. सिस्टरने नाव विचारलं.

"शेवंता," ती म्हणाली. मागे उभी असलेली शेवंता पदरात तोंड लपवून हसत होती.

"गंगाबाई, खरं नाव सांगा," मी म्हणाले.

"काहून? तिनं माह्या नावावर रोग काढला. मी तिच्या नावावर चांगली निघतो."

तिची स्लाईड साफ आली. तेव्हापासून आम्ही स्लाईडवर नंबर घालू लागलो, आणि बाईचं नाव तिला न विचारता सोबत आलेल्या बाईला विचारू लागलो.