तळं, जंगल, समुद्र आणि आत्यांची झोप

माझ्या सासूबाईंना मी आत्या म्हणते. आमच्याकडे तशीच रीत आहे. चारा छावणीतून परतल्यापासून आत्यांची झोप उडाली होती, आणि या सहलीचं खरं कारण तेच होतं.

गेल्या उन्हाळ्यात देवणीजवळच्या आमच्या गावात विहिरी तळाला गेल्या. तेव्हा आत्या त्यांच्या गायीला घेऊन छावणीत राहायला गेल्या. देवणी जातीची पांढरी गाय, अंगावर काळे ठिपके, नाव शेवरी. तीन महिने त्या तिच्याशेजारी पालाखाली झोपल्या. पुढे पाऊसही रुसला. मग शेवरीला बिलोलीकडे त्यांच्या बहिणीच्या मुलाकडे, गंगाधरकडे पाठवलं, कारण त्याच्या विहिरीला पाणी होतं. आत्यांना आम्ही लातूरला फ्लॅटमध्ये आणलं.

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा सासऱ्यांना नव्या कचेरीत नोकरी लागली होती. तरी आत्या गुरांसाठी गावातच राहिल्या, सासरे गेल्यावरही. त्या आता आमच्या गॅलरीत अंथरूण टाकून रात्रभर कुशी बदलत होत्या. डॉक्टरांच्या गोळ्यांचाही उपयोग होईना. त्यात गंगाधरचा फोन आला, "दादा, गाय मलाच ठेवू द्या की कायमची." माझा नवरा श्रीकांत तयार होता. आत्या एवढंच म्हणाल्या, "तुमी म्हनाल तसं."

मला वाटलं, त्यांना भिंती सोसत नाहीत. म्हणून तंबू.

मुळशीचं तळं, ताम्हिणीचं जंगल आणि दिवेआगरचा समुद्र पुण्यापुढे एकाच रस्त्याने पाहता येतात. प्रत्येक ठिकाणी एक रात्र, असं ठरवलं. घरात म्हातारं माणूस असेल तर बुकिंगआधी फोनवर विचारून घ्या: संडास तंबूपासून किती लांब, झोपायला खाट आहे की जमिनीवर गादी, गाडी कुठवर येते, रात्री स्पीकर लावतात का. आमच्या तिन्ही ठिकाणी दोन वेळचं जेवण धरून एका रात्रीचे माणशी हजार-बाराशे पडले.

आत्यांना सांगितलं तर त्या हसल्या. "तीन महिने पालाखाली काढले, तवा कुनी रुपया मागितला न्हाई. आता पैशे देऊन तंबूत झोपायचं व्हय?"

जानेवारीत पहाटे निघालो. बार्शी, टेंभुर्णी, इंदापूर. रस्ता टेंभुर्णीपर्यंत मधूनमधून खराब, पुढे हायवे. इंदापूरच्या अलीकडे झाडाखाली थांबून घरची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा खाल्ला. संध्याकाळी मुळशीला पोचलो तेव्हा तळ्यावर ऊन तिरपं पडलं होतं आणि पाणी पार डोंगराच्या पायापर्यंत पसरलेलं होतं. आम्ही तिघंही काठाशी जाऊन उभे राहिलो. दहा दिवसांतून एकदा नळ येणाऱ्या गावातली माणसं आम्ही, एवढं पाणी कधी पाहणार?

आत्यांनी कॅम्पवाल्या दादाला पहिला प्रश्न विचारला, "तुमची गुरं कुठं बांधता?"

"गुरं नाहीत काकू. फक्त गेस्ट."

सकाळी जाग आली ती पाण्याच्या आवाजाने. सामाईक मोरीतला नळ धो धो वाहत होता. आत्यांनी दोन्ही बादल्या, प्लास्टिकचा मग, कॅम्पची चहाची किटली आणि आमचे रिकामे डबे काठोकाठ भरून ओळीने मांडले होते. "बाटल्या आन पटकन, नळ आलाय!" आणि मी खरंच धावले. झोपेतच चार बाटल्या भरल्या, पाचवीचं झाकण शोधत होते, तेवढ्यात कॅम्पवाला आला.

"काकू, अहो, हा नळ जात नाही. चोवीस तास असतो."

"असंच म्हनत होते आमच्याकडंबी," आत्या म्हणाल्या आणि त्यांनी किटलीवर झाकण ठेवलं.

श्रीकांत हसून हसून खाली बसला. मग मीही. पण भरलेलं पाणी आत्यांनी ओतू दिलं नाही. चहा केला, तोंडं धुतली, उरलेलं त्यांनी स्वतः आवारातल्या जास्वंदींना घातलं. झोप लागली का, विचारलं तर म्हणाल्या, "पानी बघत होते. लई हाय."

ताम्हिणीचा घाट अरुंद आणि वळणांचा आहे. जपून चालवा आणि पेट्रोल आधीच भरून घ्या. जंगलातला कॅम्प तिन्हींत सगळ्यात शांत होता. उंच झाडं, खाली वाळलेल्या पानांचा थर, जेवायला चुलीवरचं पिठलं आणि भात. मला तर तिथेच राहावंसं वाटलं. इथेही आत्यांनी गुरांचं विचारलं. बिबट्यामुळे जवळपास कुणी गुरं ठेवत नाही, असं उत्तर मिळालं. सकाळी त्यांचे डोळे आदल्या दिवसापेक्षा लाल होते.

"इतकं गपगार हाय ना," त्या म्हणाल्या, "कानच दुखायला लागले."

माझा धीर सुटत चालला होता. माणगाव, म्हसळा करत गाडी उतरत होती आणि मी मागच्या सीटवर त्यांचा हात धरून बसले होते. उघड्यावर नेलं की झोप येईल, हे मी कुठल्या भरवशावर ठरवलं होतं?

दिवेआगरला सुरूच्या बनात सहा तंबू. चालवणाऱ्या बाई पन्नाशीच्या, हाताला माशांचा वास आणि जीभ तिखट. दुपारी तांदळाची भाकरी आणि सुरमई वाढली. आत्यांनी भाकरी बोटांनी दाबून पाहिली. "लेकराच्या गालावानी मऊ हाय. पर भूक कशी भागतीय हिच्यानं?"

"खाऊन तर बघा. तुमच्या दगडासारख्या भाकरीपेक्षा बरी," बाई म्हणाल्या. दोघींचं तिथेच जमलं.

समुद्रात आत्या घोट्याइतक्या पाण्यात उभ्या राहिल्या. बोट बुडवून चाखलं आणि तोंड वाकडं केलं. "देवानं टँकर धाडला, आन त्यात मीठ टाकलं."

संध्याकाळी किनाऱ्यावर गावातल्या गायी येऊन बसल्या. तिथे त्या रोजच येतात म्हणे. त्यातली एक तांबडी उठून थेट आमच्या तंबूमागे आली आणि वाळूत बसली. बाई काठी घेऊन धावल्या. "हाड! रोज मेली इथंच येते. पाहुण्यांना वास येतो गं तुझा."

"राहू द्या ओ ताई," आत्या म्हणाल्या. काठी त्यांनी हातानेच खाली केली.

दुसऱ्या दिवशी मी उठले तेव्हा ऊन तंबूच्या कापडावर चढलं होतं. बाहेर श्रीकांत दोन कप घेऊन उभा होता, आणि त्याने मानेनेच मला खुणावलं, बोलू नको. आत्या कुशीवर झोपल्या होत्या, तोंड किंचित उघडं, एक हात कापडाच्या भिंतीला टेकलेला. भिंतीपलीकडून रवंथाचा आवाज येत होता, सावकाश, एका लयीत.

जागा सोडायची वेळ झाली तरी आम्ही हललो नाही. बाई डोकावून गेल्या. "झोपू दे. पुढची माणसं दुपारनंतर येणारेत."

आत्या उठल्या त्या शरमलेल्या. "ऊन वर आलं की गं. उठवलं कामून न्हाईस?" चहा पिताना म्हणाल्या, "जनावर दुखनाईत पडलं की रवंथ थांबतंय. छावणीत शेवरीचं रवंथ थांबलं की मी टक्कन जागी व्हायचे. चालू झालं की झोपायचे. आता तर काईच ऐकू येत न्हाई. मंग झोपायचं कवा?"

श्रीकांतने कप वाळूत ठेवला आणि उठून जरा लांब गेला. त्याने गंगाधरला फोन लावला. वाऱ्यात त्याचे शब्द तुटक येत होते. "नाही रे, कायमची नाही द्यायची. पाऊस होईस्तोवर ठेव. आणि ऐक, आईपण येईल तिकडं. चालंल का?"

परतीच्या वाटेवर फ्लॅटमध्ये फक्त एक मुक्काम केला, मग उदगीर, देगलूर करत बिलोली गाठली. गोठ्याशी पोचल्यावर आत्या शेवरीशी काही बोलल्या नाहीत. आधी तिची गव्हाण पाहिली आणि गंगाधरच्या बायकोला म्हणाल्या, "कडबा बारीक तोडत जा गं, ही निवडून खाती." मग गोठ्याला लागून असलेल्या ओसरीवर त्यांनी आपली पिशवी ठेवली.

आता लोक विचारतात, कुठला कॅम्प घ्यावा? देखणं हवं असेल तर तळं. स्वतःशी बोलायचं असेल तर जंगल. समुद्राकाठी वाळू सगळीकडे शिरते, अगदी पोह्यांतसुद्धा. पण फोनवर मी आता एक प्रश्न जास्तीचा विचारते, जवळपास गुरं आहेत का? समोरच्याला वाटतं, बाईंना त्रास नको असेल. तो घाईने सांगतो, नाहीत हो मॅडम, काळजी करू नका.

आमच्या गॅलरीत आता अंथरूण नसतं. परवा सकाळी आठला बिलोलीला फोन केला. गंगाधरच्या बायकोने उचलला.

"मावशी अजून झोपूनच हायत, वैनी. उठवू का?"

"नको," मी म्हटलं.